एक सूर वर

पहिला टेम्पो चर्चच्या फाटकातून आत शिरला तेव्हा सकाळची मिस्सा आटोपून बाहेर पडणाऱ्या एका म्हातारीनं छातीवर क्रूस केला. तिचं काही चुकलं नाही. माणसाहून उंच, काळ्या कापडात गुंडाळलेली धुडं टेम्पोत आडवी निजवली होती आणि दोघं-तिघं ती "सावकाश, सावकाश" म्हणत उतरवून घेत होते. अपघात कुठं झाला, असं तिनं मला हळूच विचारलं. मी म्हटलं, "अपघात नाही गं मावशी, वाजवायची वाद्यं आहेत. संध्याकाळी ये ऐकायला." तिनं एकदा त्या धुडांकडे, एकदा माझ्याकडे पाहिलं आणि न बोलता वाटेला लागली. संध्याकाळी काही आली नाही.

वसईकडच्या आमच्या गावात त्या दिवशी डबल बेस वाजवणाऱ्यांचा मेळावा होता. दिवसभर शिकणं-शिकवणं आणि संध्याकाळी वाजवणं. डबल बेस म्हणजे व्हायोलिनच्या कुळातला सगळ्यांत थोरला. उभ्यानं नाहीतर उंच स्टुलावर बसून, अंगाशी टेकवून वाजवायचा. घरात थोरल्या भावाचं जे होतं तेच वाद्यवृंदात याचं होतं. सगळा भार याच्यावर आणि नाव कुणी घेत नाही. मुंबई, पुणे, गोवा धरून हे वाद्य वाजवणारी माणसं मोजकीच, आणि तीही एकमेकांना भेटायची ती कुणाच्या लग्नात नाहीतर मयताला. त्यांना एकदा नुसतं बेससाठी एकत्र आणायचं ही कल्पना गॅव्हिन लोपीसची. गॅव्हिन आमच्याच गावचा, व्हिएन्नाला शिकून आलेला. मनानं चांगला आणि चांगल्या मनाची माणसं असतात तसा जरा घाईचा.

मी रेजिना डाबरे. गावात मला 'कपाटवाली' म्हणत, कारण तरुणपणापासून मी ते धूड पाठीला लावून फिरले. शहरातल्या वाद्यवृंदात मी पहिल्या स्टँडवर आतल्या बाजूला बसायचे. सुरावटीचे कागद ठेवायला एक स्टँड आणि त्याच्यापुढं बेसवाले दोघं, अशी बसायची रीत. प्रेक्षकांच्या बाजूचा तो बाहेरचा, पलीकडचा तो आतला. बाहेरच्याचा मान मोठा. तो वाजवत राहतो, आणि पान उलटायची वेळ आली की आतल्यानं आपलं वाजवणं सोडून पान उलटायचं. माझ्या बाहेरच्या बाजूला इनास रुमाव बसत. आमचे इनासमास्तर. त्यांनीच मला शिकवलं होतं. मुलीच्या जातीनं एवढं धूड कवटाळून बसायचं म्हणजे काय, म्हणून गावानं नाकं मुरडली तेव्हा ते माझ्या आईला सांगून आले होते की पोरीला उंची दिलीय ती देवानं, आता तिचं काय करायचं ते मी बघतो. घरात आम्ही बोलतो ती बोली इथं लिहिली तर निम्मी तुमच्या डोक्यावरून जाईल, म्हणून सगळ्यांचं बोलणं सरळ मराठीत सांगते.

त्या वर्षी मास्तरांची जागा धोक्यात होती. वाद्यवृंदाला केरसी दुबाश नावाचे नवे व्यवस्थापक आले होते. माणूस सभ्य, पण नव्या झाडूसारखा, आल्या आल्या सगळं झाडून काढणारा. साठी ओलांडलेल्यांनी पुन्हा एकेकट्यानं वाजवून दाखवायचं, असा त्यांनी नियम काढला. मास्तरांनी तारीख घ्यायची आणि ऐन वेळी काहीतरी निघायचं. कधी ताप, कधी कुणाचं लग्न, कधी कुणाची माती. शेवटी दुबाशांनी निरोप धाडला की मेळाव्यात तुम्ही एकटे वाजवणार आहात असं कळलं, मी तिथंच येऊन ऐकतो. तीच परीक्षा समजा. चांगलं झालं तर बाहेरची जागा राहील, नाही झालं तर मास्तर घरी. आणि मग ती जागा माझ्याकडे यायची, हे सगळ्यांना ठाऊक होतं. मला ती नको होती असं म्हटलं तर कुणाला खरं वाटणार नाही, म्हणून म्हणत नाही. पण मास्तरांना ती किती हवी होती ते मी रोज पाहत होते. स्टुडिओतली कामं कधीच गेली होती. एका माणसानं बोटानं बटणं दाबली की दहा बेस वाजल्यासारखं निघायला लागलं, तेव्हापासून. त्यांच्याकडे एवढी एक जागाच राहिली होती.

सकाळच्या सत्रात गॅव्हिननं गज कसा धरावा हा विषय घेतला आणि पस्तावला. आमच्यात गज वरून धरणारे आणि खालून धरणारे असे दोन पंथ आहेत, आणि दोघांनाही दुसरा पंथ नरकात जाणार याची खात्री असते. पुण्याचे एक गृहस्थ नि गोव्याचे एक गृहस्थ असे काही हातघाईवर आले की मध्ये फादरांना पडावं लागलं. गॅव्हिननं सुटका करून घ्यायला मास्तरांकडे पाहिलं. तुमचं मत काय, मास्तर?

मास्तर हसले, मान डोलावली आणि म्हणाले, "तेव्हा एका माइकवर आम्ही दोघं उभे राहायचो. बाहेर ट्रकचा हॉर्न वाजला की पुन्हा पहिल्यापासून."

सगळे खो खो हसले. म्हातारा बेरकी, वाद कसा टाळला बघा, असं म्हणाले. मीही हसले. मागच्या बाकावर मास्तरांची बायको, नातालबाय, स्वेटर विणत बसली होती. ती तेवढी हसली नाही. सुया पिशवीत टाकून ती उठली आणि म्हणाली की भाकऱ्या गार होतायत, आधी जेवून घ्या, मग भांडा.

नातालबाय आमच्या चर्चचा ऑर्गन वाजवायची. बाई अंगानं पाप्याचं पितर, आवाज एवढासा, पण लग्न असो की मयत, तिच्या बोटाखालून चुकीचा सूर निघालेला गावानं ऐकला नव्हता. संध्याकाळी मास्तरांना पियानोवर साथ तीच करणार होती. वाजवायचं होतं ते मास्तरांनी स्वतः बांधलेलं. आमच्याकडे उपवासकाळात जुन्या बाया येशूच्या दुःखाचं एक गाणं म्हणत. त्या बायाही गेल्या आणि म्हणणंही गेलं. त्या चालीवर मास्तरांनी बेस आणि पियानोसाठी एक रचना केली होती आणि दोघं नवरा-बायको घरात वर्षानुवर्षं ती वाजवत आले होते. बाहेर कधी वाजवली नव्हती.

जेवणं चालू असताना गॅव्हिननं आपली भेट काढली. व्हिएन्नाहून त्यानं मास्तरांसाठी तारांचा एक संच आणला होता, खास एकट्यानं वाजवण्याच्या. त्यातली गंमत सांगते, कारण पुढचं सगळं तिच्यावरच आहे. बेस एकट्यानं वाजवायचा असला की तो जरा खुलून ऐकू यावा म्हणून कुणी कुणी बारीक तारा चढवतात आणि अख्खं वाद्य एक सूर वर मिळवतात. वाजवणाऱ्याची बोटं नेहमीच्याच जागी पडतात, हाताला काही वेगळं लागत नाही, पण निघतं ते सगळं एक सूर वरचं. त्यामुळे साथीच्या पियानोनंही सगळं एक सूर वर वाजवायला हवं, आणि हे पियानोवाल्याला आधी सांगावं लागतं. न सांगता दोघं सुरू झाले तर जे निघेल ते ऐकून कुत्री भुंकतील.

गॅव्हिन हॉलच्या कोपऱ्यात मास्तरांच्या बेसपाशी गुडघे टेकून बसला होता आणि एक तार उतरव, एक चढव असं चाललं होतं. भोवती ताटांचा नि बोलण्याचा कलकलाट. खाली मान घालून खुंट्या पिळता पिळता तो मास्तरांना काहीतरी समजावून सांगत होता आणि मास्तर हातात भाकरीचा तुकडा धरून मान डोलावत होते. मी पलीकडे वाढत होते, मला शब्द ऐकू आले नाहीत. पण तो तारांचंच सांगत असणार हे दिसत होतं. मास्तर बायकोला सांगतील असं त्यानं धरलं. कुणीही तेच धरलं असतं. दुपारी दोघांना एकदा सराव करायचा होता तो राहूनच गेला, कारण गज-प्रकरण पुन्हा पेटलं आणि वर मास्तर म्हणाले की आमचा काय सराव, आयुष्यभर तेच केलंय.

संध्याकाळी हॉल भरला. पुढच्या रांगेत दुबाश, शेजारी फादर, मागं गाव. दोघा-तिघांचं वाजवून झालं. गोव्याचे गृहस्थ छान वाजवून गेले, पुण्याचे त्याहून छान वाजवून गेले, आणि दोघांनी एकमेकांना टाळ्या दिल्या तेव्हा मला जरा बरं वाटलं. मग गॅव्हिननं मास्तरांचं नाव घेतलं.

मी रंगमंचाच्या कडेला पडद्याआड उभी होते. मास्तरांनी काळा कोट घातला होता, केस पाण्यानं चापून बसवले होते. नातालबाय पियानोशी बसली. मास्तरांनी बेस अंगाशी घेतला, हनुवटी त्याच्या मानेला टेकवली आणि एक तार दुसरीशी पडताळून पाहिली. चारही तारा एकमेकींशी नीट मिळाल्या होत्या. गॅव्हिनचं काम चोख होतं. मग रिवाजाप्रमाणे, सूर जुळतोय का ते बघायला, नातालबायनं पियानोवर 'ला' या सुराची पट्टी दाबली. मास्तरांनी आपली 'ला'ची तार छेडली.

पियानो एक बोलला आणि तार दुसरंच बोलली. एक सूर वर. आता मास्तर दचकतील, हसतील, म्हणतील की अरे, विसरलोच की सांगायला, असं मला वाटलं.

मास्तरांनी मान हलवली. बरोबर आहे, अशी. आणि गज उचलला.

मी नातालबायकडे पाहिलं. तिचा चेहरा अगदी रिकामा झाला होता. पट्टीवरचं बोट तसंच होतं. पुढच्या रांगेत दुबाश पायावर पाय टाकून बसले होते. तिनं थांबवलं असतं तर थांबवता आलं असतं. एक हात वर करायचा, दोन शब्द बोलायचे, एवढंच. पण मग का थांबवलं ते सांगावं लागलं असतं. पुढ्यातले सुरावटीचे कागद तिनं मिटून ठेवले, दोन्ही हात उचलले आणि पट्ट्यांवर सरकवून पलीकडे नेले.

ती ते सगळं एक सूर वर वाजवायला लागली. बोटं एका वाटेनं जन्मभर गेलेली, आणि आता त्याच चालीनं शेजारच्या वाटेनं जायचं, तेही न चाचपडता, भर सभेत. तरुण हातांची फजिती झाली असती, नातालबाय तर पासष्टीची. पहिल्या ओळीत तिच्या डाव्या हाताचं बोट घसरलं. मग उजव्याचं. मधूनच ती सुरांचा एखादा झुपका सोडून द्यायची आणि पुढं जाऊन मास्तरांना गाठायची. मागं कुणीतरी फिसकन हसलं. एक बाई दुसरीला म्हणाली की काय गं हे, नातालबायचे हात गेले वाटतं. तिच्या कपाळावरून घाम उतरून डोळ्यात जात होता आणि तो पुसायला हात मोकळा नव्हता.

आणि मास्तर वाजवत होते. काय वाजवत होते, सांगता येत नाही मला. इतकी वर्षं शेजारी बसून मी त्यांना तसं कधी ऐकलं नव्हतं. त्या मेलेल्या बायांचं ते गाणं त्या दिवशी त्या लाकडातून रडत होतं. डोळे मिटून ते वाजवत होते. अधूनमधून उघडायचे तेव्हा त्यांची नजर नातालबायच्या हातांवर जायची, आणि भुवया आवळल्या जायच्या.

पडद्याआड उभ्या उभ्या मला एकेक उमगायला लागलं. दोन वर्षांपूर्वी त्यांनी माझं स्टूल वीतभर पुढं घ्यायला लावलं होतं, म्हणजे माझा गज त्यांना दिसेल. मला वाटलं, माझ्या चुका धरायला. तालमीत कंडक्टर काही म्हणाला की ते आधी माझ्याकडे बघायचे. फोन ते कधी घ्यायचे नाहीत. सकाळी विचारलं काय आणि सांगितलं काय. आम्ही सगळे हसलो होतो.

टाळ्या जोरात झाल्या. दुबाश उभे राहिले. नातालबाय पियानोचा कठडा धरून उठली आणि लोकांकडे न बघता आत गेली.

हॉलला लागून शाळेचा एक वर्ग होता, तिथं आमचं सामान ठेवलं होतं. मी आत गेले तेव्हा मास्तर बोलत होते. आवाज चढला होता. अलीकडे तो चढायचाच.

"हात कुठं पडत होते तुझे? मी बघत होतो. एक बोट जागेवर नव्हतं."

नातालबाय कागद पिशवीत भरत होती. "चुकलं," एवढंच ती म्हणाली.

"आजच चुकायचं होतं? लोक हसत होते तुला. मला दिसत नाही का?"

तेवढ्यात दुबाश आत आले. हात पुढं करून त्यांनी मास्तरांचं कौतुक केलं, खूप केलं. मास्तर त्यांच्या ओठांकडे टक लावून पाहत होते. जागेची काळजी करू नका, असं दुबाश म्हणाले, आणि मग जरा चाचरत, नातालबायकडे न बघता, पियानोच्या साथीला पुढच्या वेळी दुसरं कुणी बघू या असं म्हणाले. मास्तरांना तेवढं बरोबर कळलं.

"वय झालं तिचं," ते म्हणाले. "मला आधी लक्षात यायला हवं होतं. माफी असावी."

नातालबायनं पिशवीची नाडी ओढून गाठ मारली. मी काही बोलणार इतक्यात तिनं माझ्याकडे पाहिलं आणि नको म्हणून अगदी थोडी मान हलवली. तिचा नवरा, तिचं नाव, तिनं ठरवलं होतं. मास्तरांची जागा वाचली होती आणि ते तिथंच संपलं असतं.

पण गॅव्हिन धावत आला. डोळ्यांत पाणी, चेहरा फुललेला. कुणाला भेटू आणि कुणाला नको असं झालेलं. तो सरळ नातालबायकडे गेला आणि तिचे दोन्ही हात त्यानं आपल्या हातांत घेतले.

"आंटी, तुम्ही ते सगळं तिथल्या तिथं एक सूर वर नेलंत? मला पहिल्या ओळीला कळलं. व्हिएन्नात माझ्या मास्तरांना नसतं जमलं. पण तुम्हाला सांगितलं कसं नाही कुणी? मी इनासमास्तरांना दुपारीच बोललो होतो, बेस वर लावलाय, आंटींना सांगा. हो म्हणाले की ते."

दुबाशांनी गॅव्हिनकडे पाहिलं, मग मास्तरांकडे, मग भिंतीवरच्या फळ्याकडे. हुशार माणूस होता. गॅव्हिनचा चेहरा हळूहळू उतरत गेला. आपण काय बोलून बसलो ते त्याला कळेना, पण काहीतरी बोललो हे कळलं.

मास्तर एकेकाच्या तोंडाकडे पाहत होते. गॅव्हिन नातालबायकडे वळून बोलला होता, त्याची पाठ मास्तरांकडे होती.

"काय झालं? काय म्हणाला तो?"

"काही नाही," नातालबाय म्हणाली. "छान झालं म्हणतोय."

मास्तरांनी तिचे ओठ वाचले आणि मग तिचा चेहरा वाचला. चाळीस-पंचेचाळीस वर्षांचा संसार. चेहरा वाचायला त्यांना कानांची गरज नव्हती. ते माझ्याकडे वळले.

"रेजी, तू सांग."

नातालबायनं पुन्हा मान हलवली. मी ती पाहिली. पण शेजारी बसून सूर उतरला तर सांगायचं, चढला तर सांगायचं, तोंड बघून बोलायचं नाही, हे मला त्याच माणसानं शिकवलं होतं. मी त्यांच्यासमोर जाऊन उभी राहिले, त्यांना ओठ दिसतील अशी, आणि सावकाश सांगितलं. "मास्तर, बेस एक सूर वर लावलेला होता. बायनं सगळं वर नेऊन वाजवलं." ते सांगितल्याबद्दल नातालबाय पुढं कित्येक दिवस माझ्याशी बोलली नाही. पण पुन्हा ती वेळ आली तर मी तेच सांगेन.

मास्तर पहिलीच्या मुलांच्या एका बाकावर बसले. बाक एवढासा होता की त्यांचे गुडघे छातीशी आले. बराच वेळ ते बायकोच्या हातांकडे पाहत होते.

"सगळं वर नेलंस?"

"जमलं तेवढं."

"आणि मी इथं, या माणसासमोर..."

"त्यात काय. तुमचं नेहमीचंच आहे," ती म्हणाली, आणि मग दुबाशांकडे वळली. त्यांना सांगायला हवं असं तिला वाटलं असेल, किंवा इतके दिवस कुणालाच सांगता आलं नव्हतं म्हणूनही असेल. "त्यांच्या कानांतून आधी कुकरची शिट्टी गेली. मग फोनची घंटा. मग मी गेले. बेस अंगाला लागलेला असतो ना, तो थरथरतो तेवढं कळतं त्यांना. कुठला सूर ते कळत नाही आताशा."

दुबाश फार हळू म्हणाले की ही चर्चा आज नको, सवडीनं बोलू. भला माणूस निघाला तो. पण बाहेर शेवटच्या कार्यक्रमाची घंटा झाली होती. सगळ्या बेसवाल्यांनी मिळून एक संथ रचना वाजवायची होती आणि पहिल्या स्टँडवर बाहेरच्या बाजूला मास्तर बसणार होते. मास्तर उठले, कोट सारखा केला आणि आपला बेस न घेताच रंगमंचावर गेले.

आम्ही जागेवर बसत होतो. मास्तर पुढं जाऊन उभे राहिले. लोक आपोआप गप्प झाले. बोलताना त्यांचा आवाज नको तितका मोठा होता, आणि तो मोठा आहे हे त्यांना कळत नव्हतं.

"मघाशी पियानोवर चुका झाल्या असं तुम्हाला वाटलं. मलाही वाटलं. मी तिला बोललो. पियानो बरोबर होता. बेस भलत्या सुरात होता आणि मला ते समजलं नाही, कारण मला ऐकायला येत नाही. माझ्या बायकोला येतं. ती माझी चूक आपल्या अंगावर घेऊन शेवटपर्यंत वाजवत राहिली. तेवढं सांगायचं होतं."

मघाशी 'हात गेले' म्हणालेली बाई खाली मान घालून बसली होती. मास्तर माझ्याकडे वळले आणि बाहेरच्या स्टुलाकडे हात केला. मी जागची हलेना, तेव्हा त्यांनी माझा खांदा धरून मला तिकडं सरकवलं, माझ्या पुढ्यात सुरावटीचा कागद नीट लावून दिला आणि पायऱ्या उतरून गेले. आतली जागा रिकामीच राहिली. त्या संध्याकाळी पानं मला स्वतःला उलटावी लागली.

नातालबाय पुढच्या रांगेत कडेला बसली होती. मास्तर तिच्या शेजारी जाऊन बसले. ती थोडी सरकली. गॅव्हिननं हात वर केला आणि आम्ही सुरू केलं.

ती रचना मी त्यानंतर पुष्कळदा वाजवली आहे, आणि बाहेरच्या जागेचीही आता मला सवय झाली आहे, पण त्या दिवशी काय वाजवलं ते मला नीट आठवत नाही. मी कागदाकडे कमी आणि खाली जास्त पाहत होते. मास्तरांनी डोळे मिटले होते. अंगाशी बेस नसताना मी त्यांना संगीताला बसलेलं कधी पाहिलं नव्हतं; हात कुठं ठेवावेत ते त्यांना कळत नसावं, ते मांडीवर उताणे पडले होते. पण उजवा पाय जमिनीवर हळूहळू ठेका धरत होता. आमचा नव्हता तो ठेका. आमच्याहून संथ होता, आणि मध्येच एके ठिकाणी ते थांबले, जिथं आम्ही थांबलो नव्हतो, आणि मग पुन्हा त्यांनी ठेका धरला.

आमचं संपलं. टाळ्या झाल्या, लोक उठून उभे राहिले. खुर्च्या सरकल्या, मागची माणसं दाराकडे निघाली, कुणीतरी पंखे बंद केले. मास्तरांचे डोळे मिटलेलेच होते आणि पाय चालू होता. मी बेस आडवा ठेवून खाली उतरले. संपलं म्हणून त्यांना सांगायला मी हात पुढं केला, तेव्हा नातालबायनं तो मध्येच धरला.

"थांब जरा," ती म्हणाली. "त्यांचं अजून व्हायचंय."